आधुनिक प्रेमकादंबऱ्यांतील परीकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेमकादंबऱ्यांच्या नियमित वाचकांना परीकथांच्या खुणा चटकन ओळखू येतात. मात्र त्या खुणांपलीकडे या दोन प्रकारांचे नाते नेमके काय आहे, याविषयीचे प्रश्न पडतच राहतात. त्यांपैकी नेहमी कानावर येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांचा भर युरोपीय परीकथा आणि त्यांच्यावर बेतलेल्या इंग्रजी कादंबऱ्या यांच्यावर आहे, कारण हा प्रघात प्रामुख्याने तेथेच वाढला.

कादंबरीत परीकथेचे सूत्र आहे, हे कशावरून ओळखावे?

राजवाडा, गुलाब किंवा काचेचा बूट दिसला म्हणजे परीकथा आली, असे समजण्याचे कारण नाही. या गोष्टी मुखपृष्ठापुरत्याही असू शकतात. परीकथेचा कणा तिच्यातील व्यवहारात असतो : कोणी कोणाला काय कबूल केले, अट कोणती घातली, ती कोणी मोडली आणि मोडल्याची भरपाई कोणाला करावी लागली. बापाने परक्या बागेतले एक फूल तोडले आणि त्याची किंमत मुलीने चुकवली, हा एक व्यवहार आहे. आजच्या एखाद्या कादंबरीत कर्जबाजारी वडिलांची सुटका व्हावी म्हणून मुलगी एका तुसड्या, एकलकोंड्या माणसाच्या घरी वर्षभर नोकरी पत्करत असेल, तर पुस्तकभर एकही गुलाब नसला तरी ती ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चीच कथा आहे. याउलट नायिका समारंभाला जाते, पायातले विसरून येते, पण तिला ओळखण्याचा प्रश्न कोणापुढेच उभा राहत नाही, अशा कादंबरीत सिंड्रेला नावापुरतीच उरते.

दुसरी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. परीकथा काय घडले ते सांगते, कोणाला काय वाटले ते सांगत नाही. मुलगी राखेत निजते, राजकन्या शंभर वर्षे झोपते, बाप मुलीला पशूच्या हवाली करतो आणि प्रत्येक वेळी कथा एका वाक्यात पुढे सरकते. मधल्या मोकळ्या जागेत राग, लाज, ओढ, संशय यांपैकी काय असेल, याचा पत्ता ती लागू देत नाही. प्रेमकादंबरी नेमकी त्या मोकळ्या जागेत राहायला येते. एखादे पुनर्कथन चांगले की सुमार, हे ठरवताना आधी हेच पाहावे, की लेखिकेने ती जागा कशाने भरली आहे.

सर्वाधिक वापर कोणत्या कथांचा होतो?

यादी लांबलचक वाटली, तरी सिंड्रेला आणि ब्यूटी अँड द बीस्ट या दोनच कथांवर बहुतेक डोलारा उभा आहे. बुरुजातून लांब केस खाली सोडणारी रॅपन्झेल, निद्रिस्त राजकन्या, हिमगौरी आणि बेडूक राजपुत्र या त्यांच्या बऱ्याच मागे आहेत.

याचे कारण लोकप्रियतेपेक्षा रचनेत आहे. प्रेमकादंबरीला दोन माणसे एकमेकांसमोर वारंवार यावी लागतात. हिमगौरीत राजपुत्र येतो तो जवळजवळ कथा संपताना, आणि तोवर नायिका काचेच्या पेटीत असते. निद्रिस्त राजकन्येची भेट शंभर वर्षांच्या झोपेनंतरची. अशा कथांवर कादंबरी लिहायची तर लेखिकेला नायक बराच आधी, काही तरी निमित्त काढून, गोष्टीत आणावा लागतो. ब्यूटी मात्र पशूच्या घरी महिनोन्‌महिने राहते, रोज रात्री त्याच्यासोबत जेवते. सिंड्रेला राजपुत्राबरोबर एकाहून अधिक रात्री नाचते. रॅपन्झेलच्या बुरुजावर राजपुत्र नेमाने चढून येतो, आणि म्हणूनच माझ्या मते तिसरा क्रमांक तिचा लागायला हवा. पण लेखिका तिच्या वाटेला तुलनेने कमी जातात.

अशा कथांची जगभरातील रूपे एकत्र लावण्यासाठी लोकसाहित्याचे अभ्यासक एक वर्गवारी वापरतात. फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी ती १९१० मध्ये मांडली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ती वाढवली आणि जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये ती नव्याने सिद्ध केली. तीत सिंड्रेलाचा क्रमांक ५१०ए, तर ब्यूटी अँड द बीस्टचा ४२५सी आहे. आवडती कादंबरी कोणत्या क्रमांकाखाली बसेल, हे शोधण्याचा छंद काही वाचकांना जडतो आणि तो वाटतो तितका निरर्थक नाही.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ प्रेमकादंबरीला इतकी मानवते कशी?

या कथेचे पूर्वरूप इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सापडते. लॅटिन लेखक अप्युलियस याने सांगितलेल्या क्युपिड आणि सायकीच्या कथेत नायिका न दिसणाऱ्या नवऱ्याबरोबर राहते, त्याला पाहायचे नाही ही अट मोडते आणि मग त्याला परत मिळवण्यासाठी संतापलेल्या सासूने, म्हणजे साक्षात व्हीनस देवीने, सांगितलेली अवघड कामे करत फिरते. आज परिचित असलेली कथा मात्र अठराव्या शतकातल्या दोन फ्रेंच लेखिकांची आहे. गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांनी ती १७४० मध्ये मोठ्यांसाठी आणि बरीच पाल्हाळाने लिहिली. इंग्लंडमध्ये मुलींना शिकवण्याचे काम करणाऱ्या जान-मारी लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये तिचे आटोपशीर रूप प्रसिद्ध केले. व्हिलनव्ह यांचा पशू रोज रात्री ब्यूटीला शय्यासोबतीविषयी विचारतो. बोमाँ यांचा पशू लग्नाविषयी विचारतो. दोन्ही कथांत ती नकार देते, आणि त्या नकाराची कोणतीही शिक्षा तिला भोगावी लागत नाही. प्रेमकादंबरीला लागणारे सगळे यात आयते आहे : एकत्र राहणे भाग पडलेली दोन माणसे, रोज तोच प्रश्न, आणि हळूहळू बदलत जाणारे उत्तर.

बोमाँ यांच्या कथेतील एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. वडील निघून गेल्यावर, आज रात्री पशू आपल्याला खाणार याची खात्री असलेली ब्यूटी वाडा पाहत फिरते आणि एका दारावर तिला स्वतःचे नाव लिहिलेले दिसते. आत पुस्तकांचे मोठे कपाट, एक वाद्य आणि संगीताच्या वह्या असतात. तेथील थाटाने ती दिपते, पण तेवढ्यावरच थांबत नाही. ती विचार करते, की मला एकच दिवस येथे राहायचे असते, तर एवढी तयारी कोणी केली नसती. माणसाच्या शब्दांऐवजी त्याने केलेल्या तजविजीवरून त्याचा हेतू ओळखणे, हे कौशल्य प्रेमकादंबरीच्या नायिकेला पुढे शतकानुशतके उपयोगी पडले आहे. रॉबिन मॅकिन्ली यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्यूटी’ या कादंबरीत हेच कपाट घेऊन त्याचे प्रचंड ग्रंथालय केले आणि त्यात अजून लिहिलीच न गेलेली पुस्तके ठेवली.

मग ही कथा ‘वाईट पुरुषाला प्रेमाने सुधारा’ असे शिकवते, हा आक्षेप योग्य आहे का?

आधुनिक कादंबऱ्यांपैकी काहींना तो लागू पडतो, जुन्या कथेला लागू पडत नाही. बोमाँ यांचा पशू सुरुवातीला बापाला धमकावतो हे खरे. पण ब्यूटीशी तो एकदाही उर्मटपणे वागत नाही. घराची मालकीण तूच, माझी सोबत नको असेल तर सांग, मी निघून जाईन, असे तो पहिल्याच जेवणाच्या वेळी सांगतो. त्याच्यावरच्या शापाचा भाग म्हणून त्याला रूपाबरोबर हुशारीही दाखवता येत नाही, त्यामुळे तो केवळ कुरूपच नव्हे, तर बोलायला काहीसा कंटाळवाणाही आहे. रूप आणि चतुराई यांपेक्षा सौजन्य मोठे, हे शिकायचे आहे ते ब्यूटीने. घरी जायची परवानगीही तो देतो; ती परतली नाही, तर आपण मरू, हे ठाऊक असून देतो.

आदळआपट करणारा, नायिकेला कोंडून ठेवणारा आणि शेवटी तिच्यामुळे सुधारणारा पशू नंतरच्या रूपांतरांतून, विशेषतः १९९१ च्या डिस्ने बोलपटातून, सर्वत्र पोहोचला. तेथे शिकण्याचे काम नायिकेकडून नायकाकडे गेले. या बदलाने नायकाला विकास मिळाला, पण त्याच्या जोडीला एक धोकाही आला : कुरूपतेच्या जागी क्रूरता आली, आणि क्रूरता ही शाप म्हणून माफ करण्याजोगी गोष्ट नव्हे. आजच्या जाणत्या लेखिका हा धोका ओळखतात. त्यांच्या नायकाचे पशुत्व अपघाताच्या व्रणात, बदनामीत, शोकात किंवा तुटक बोलण्यात असते. एलॉइझा जेम्स यांच्या २०११ च्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीतला ‘बीस्ट’ हा पायाने अधू आणि तोंडाने तिखट असा डॉक्टर आहे. तो सगळ्यांनाच फटकारतो, आणि नायिकाही त्याला तितक्याच धारदार शब्दांत उत्तर देते. नायकाच्या तिरसटपणाला नायिकेकडे उत्तर आहे की केवळ सहनशीलता आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

सिंड्रेला म्हणजे गरीब मुलगी आणि श्रीमंत नवरा, एवढेच ना?

एवढेच असते तर ही कथा कधीच मागे पडली असती. मुळात सिंड्रेला गरीब घरची नाहीच. चांगल्या घरातील ही मुलगी आईच्या मृत्यूनंतर स्वतःच्याच घरात मोलकरीण झाली आहे. तिला श्रीमंती मिळते असे म्हणण्यापेक्षा तिचे हिरावलेले स्थान तिला परत मिळते असे म्हणणे अधिक बरोबर होईल. प्रेमकादंबऱ्यांतही ज्या नायिकेचे काम, नाव किंवा वारसा दुसऱ्याने बळकावला आहे, तिची कथा केवळ हलाखीत असलेल्या नायिकेपेक्षा अधिक पकड घेते. कारण तेथे वाचकाला न्याय हवा असतो, नुसते सुख नव्हे.

कथेचे मर्म ओळख पटण्यात आहे, आणि जुन्या कथांतील राजपुत्र नेमका तेथेच कच्चा आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या कथेत बूट घेऊन घरोघर जातो तो राजपुत्र नव्हे, त्याने पाठवलेला सरदार. जर्मन लोककथा संकलित करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथेत राजपुत्र स्वतः येतो, पण बुटात पाय बसावा म्हणून एका बहिणीने अंगठा आणि दुसरीने टाच कापलेली असते, आणि तो दोन्ही वेळा चुकीच्या मुलीला घोड्यावर घेऊन निघतो. बुटातून रक्त गळत आहे हे त्याला कबुतरांना सांगावे लागते. जिच्याबरोबर लागोपाठ रात्री नाचला, तिचा चेहरा याला आठवत नाही काय, हा प्रश्न लहान मुलेही विचारतात.

आधुनिक प्रेमकादंबरीने सिंड्रेलावर केलेली सगळ्यांत महत्त्वाची दुरुस्ती हीच आहे. चांगल्या पुनर्कथनात नायक नायिकेला रोजच्या कपड्यांत, कामाच्या जागी, बऱ्याचदा मेजवानीच्या आधीच भेटलेला असतो, आणि खरा ताण बूट कोणाला बसतो याचा नसून, त्या झगमगत्या रात्रीची अनोळखी स्त्री आणि रोज समोर दिसणारी ही बाई एकच आहेत, हे त्याला कधी कळते, याचा असतो. त्याला ते कपड्यांवरून न कळता तिच्या हसण्याच्या ढबीवरून किंवा वाद घालण्याच्या पद्धतीवरून कळले, तर प्रसंग जमतो. नायकाने मोलकरणीला तुच्छतेने वागवले आणि मेजवानीतल्या स्त्रीवर मात्र भाळला, तर लेखिकेला पुढली अनेक प्रकरणे त्याची रदबदली करण्यात घालवावी लागतात.

मूळ परीकथांत चुंबन नव्हतेच, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. ग्रिम बंधूंच्या बेडूक राजपुत्राच्या कथेत राजकन्या बेडकाचे चुंबन घेत नाही. ती चिडून त्याला भिंतीवर आपटते आणि त्यातून तो माणूस होतो. त्यांच्याच हिमगौरीत नोकरांच्या हातून पेटी हिसकते, घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर येतो आणि ती जागी होते. निद्रिस्त राजकन्येचे चुंबन ग्रिम यांच्याकडे आहे, पण पेरो यांच्याकडे नाही.

पेरो यांच्या कथेत त्या जागी जे आहे, ते प्रेमकादंबरीच्या दृष्टीने अधिक मोलाचे वाटते. राजपुत्र नुसता गुडघे टेकतो. शंभर वर्षांची मुदत संपलेली असल्यामुळे राजकन्या आपोआप जागी होते, फार वाट पाहायला लावलीस अशा अर्थाचे काही तरी त्याला म्हणते, आणि मग ती दोघे चार तास बोलत बसतात, तरी सांगायचे निम्मेसुद्धा सांगून होत नाही. तिचा पोशाख आपल्या आजीच्या काळातला आहे हे राजपुत्राच्या लक्षात येते, पण तो ते बोलून दाखवत नाही. जुन्या परीकथेतला इतका नाजूक विनोद आणि इतके समंजस सौजन्य आजच्या पुनर्कथनांच्या नजरेतून सुटावे, याचे नवल वाटते.

झोपलेल्या नायिकेच्या संमतीचा प्रश्न आजच्या कादंबऱ्या कसा सोडवतात?

हा प्रश्न आजचा असला, तरी अस्वस्थता जुनी आहे. इटालियन लेखक जामबात्तिस्ता बाझिले यांच्या १६३४ ते १६३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील तालियाच्या कथेत एक विवाहित राजा झोपलेल्या नायिकेवर बळजबरी करून निघून जातो, झोपेतच तिला जुळी मुले होतात आणि त्यांतले एक मूल तिच्या बोटातले कुसळ चोखून काढते तेव्हा ती जागी होते. पेरो यांनी यातली बळजबरी गाळली, ती काही उगाच नव्हे.

प्रेमकादंबऱ्यांनी यातून काढलेल्या वाटा निरनिराळ्या आहेत. काही लेखिका झोपेचे रूपक करतात : नायिका शोकात, जुन्या नात्याच्या धक्क्यात किंवा कामाच्या रगाड्यात बधिर झालेली असते आणि ती स्वतःच्या पावलांनी त्यातून बाहेर येते. काही जणी नायकाला झोपवतात. जादू असलेल्या कादंबऱ्यांत दोघांची ओळख स्वप्नात होते आणि तेथे पुरेसा संवाद झाल्यावरच जाग येते. या सगळ्यांत स्वप्नभेटीची वाट अधिक कसदार आहे, कारण ती मूळ प्रसंग टाकून देत नाही. संमतीसाठी लागणारा वेळ फक्त झोपेच्या आत नेऊन ठेवते.

खलनायिका नेहमी सावत्र आईच का असते?

पूर्वी ती नेहमी सावत्र नव्हतीच. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघते ती तिची सख्खी आई. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला सावत्र करण्यात आले. आईपणाची प्रतिमा डागाळू नये, हा त्यामागचा हेतू असल्याचे अभ्यासक मानतात. आजच्या कादंबऱ्यांत ही जागा वरिष्ठ अधिकारी, भावी सासू किंवा पूर्वीची प्रेयसी घेते. यांपैकी पूर्वीच्या प्रेयसीचा वापर आता थांबवला तरी चालेल. दोन स्त्रियांना एका पुरुषावरून झुंजवणे इतके वापरून झाले आहे, की वाचकाला पुढचे पान आधीच दिसते.

प्रेमकादंबरीत जादू असायलाच हवी का?

नाही. शापाच्या जागी मृत्युपत्रातली अट, परीराणीच्या जागी मैत्रीण आणि मध्यरात्रीच्या जागी करार संपण्याची तारीख ठेवता येते. जादू काढली तरी चालते, मुदत काढली की कथा सैल पडते.

ब्लूबीयर्डसारखी भीषण कथा प्रेमकादंबरीत कशी काय आली?

नवविवाहितेच्या हाती घरातल्या सगळ्या किल्ल्या येतात, एक खोली सोडून सारे उघडण्याची मुभा मिळते, आणि त्या खोलीत तिला आधीच्या बायकांची प्रेते सापडतात, अशी ही पेरो यांची कथा. प्रेमकथेला ती सर्वस्वी परकी वाटते. परंतु अनोळखी पुरुषाच्या मोठ्या घरात आलेली तरुण स्त्री, बंद दार आणि आधीच्या बायकोची सावली हा साचा गॉथिक, म्हणजे जुन्या गूढ वास्तूंत घडणाऱ्या भयसूचक, प्रेमकादंबरीने तिच्यातूनच घेतला. १८४७ च्या ‘जेन आयर’मध्ये नायिका वरच्या मजल्यावरच्या बोळाची तुलना ब्लूबीयर्डच्या गढीशी करते, आणि दाराआड पहिली बायको खरोखरच असते. १९३८ च्या ‘रिबेका’मध्ये पहिली बायको मेलेली आहे, पण घर अजून तिचेच आहे.

या कथासूत्रात वाचकाला खिळवणारा प्रश्न एकच असतो : ज्याच्यावर मी प्रेम करते, तो धोकादायक आहे की दुःखी? कादंबरी तो प्रश्न शेवटपर्यंत लांबवते आणि बहुतेक वेळा ‘दुःखी’ असे उत्तर देते. मला हे उत्तर नेहमीच पटते असे नाही. ज्या नायकाने लपवाछपवी केली, त्याच्या दुःखाने ती धुऊन निघत नाही, आणि नायिकेचा संशय हा अविश्वास ठरवून तिलाच क्षमा मागायला लावणाऱ्या कादंबऱ्या तर या सूत्राचा गैरवापर करतात. पेरो यांच्या कथेच्या अखेरीस वाचलेली पत्नी नवऱ्याच्या संपत्तीतून बहिणीचे लग्न लावते, भावांना सैन्यात अधिकारपदे मिळवून देते आणि स्वतः एका भल्या माणसाशी दुसरे लग्न करते. हा भला माणूस एका वाक्यात येऊन जातो. तिला त्याच्यावर विश्वास ठेवायला किती काळ लागला असेल आणि त्याने किल्ल्यांचा जुडगा तिच्या हाती दिला तेव्हा तिला काय वाटले असेल, यावर एक उत्तम प्रेमकादंबरी होऊ शकते.

शेवट गोडच असावा लागतो का?

प्रेमकादंबरी म्हणून ओळख हवी असेल, तर होय. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेच्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत : केंद्रस्थानी प्रेमकथा हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी हवा. लग्न झालेच पाहिजे असे नाही. दोघे एकत्र आहेत आणि राहू पाहत आहेत, एवढेही पुरते.

‘आणि ती दोघे सुखाने राहू लागली’ हे परीकथेचे वाक्य येथे एका हमीसारखे काम करते. शेवट ठाऊक असल्यामुळे मजा जाते, असे या प्रकाराच्या बाहेरचे लोक म्हणतात; पण शेवटाची खात्री असली, की लेखिकेला मधल्या प्रवासात वाचकाला बरेच खोल, बरेच दुखऱ्या जागी नेता येते. हान्स क्रिश्चन अँडरसन यांची १८३७ ची जलपरीची कथा त्यामुळेच अवघड ठरते. तेथे नायिका आवाज गमावते, प्रत्येक पावलागणिक सुऱ्यांवरून चालल्यासारख्या वेदना सोसते आणि राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. प्रेमकादंबरीकार हा शेवट बदलतात. मात्र आवाजाचे मोल राजपुत्राला कळल्याशिवाय नुसते लग्न लावून दिले, तर तो गोडवा उसना वाटतो.

या कथा स्त्रियांना परावलंबी बनवतात, या टीकेत तथ्य किती?

हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना जाणकार माणसे आहेत. ॲलिसन लुरी यांनी १९७० मध्ये लोककथांची बाजू घेतली आणि त्यांत धीट, हिकमती स्त्रिया भरपूर आहेत, असे म्हटले. मार्सिया लीबरमन यांनी १९७२ मध्ये त्याला उत्तर देताना दाखवले, की मुलींच्या हाती प्रत्यक्षात पडणाऱ्या मोजक्या कथांत मात्र सौंदर्याला बक्षीस मिळते आणि निमूट सोसणे हाच गुण ठरतो. दोघींचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते, कारण संग्रहात असलेल्या कथा आणि सांगितल्या जाणाऱ्या कथा वेगळ्या असतात.

या उपेक्षित कथांपैकी एक नॉर्वेची आहे, आणि प्रेमकादंबरीने तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. दिवसा पांढरे अस्वल आणि रात्री माणूस असणाऱ्या राजपुत्राबरोबर राहणारी मुलगी रात्री मेणबत्ती लावून त्याला पाहते, चरबीचे तीन थेंब त्याच्या सदऱ्यावर पडतात आणि तो तिला अंतरतो. ती त्याच्या शोधात वाऱ्यांच्या पाठीवर बसून जगाच्या टोकाला जाते, आणि तेथे तो अट घालतो, की ज्या स्त्रीला सदऱ्यावरचे डाग धुता येतील तिच्याशीच लग्न करीन. ज्या मुलीने डाग पाडले, तिलाच ते काढता येतात. चूक नायिकेची, प्रवास नायिकेचा आणि सुटका नायकाची, असा हा व्यवहार आहे.

वाचकांविषयी बोलायचे, तर जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून पाहिले. वाचनाचा वेळ हा घरच्यांसाठी न दिलेला, फक्त आपला वेळ असतो, हे त्या स्त्रियांनी आवर्जून सांगितले, आणि बुद्धिमान, स्वतंत्र वृत्तीच्या नायिका त्यांना आवडत होत्या. राजपुत्राची वाट पाहत बसलेल्या भोळ्या वाचकाचे चित्र टीकाकारांनी रंगवले आहे, तितके ते सरसकट नाही.

नायक-नायिकेच्या भूमिकांची अदलाबदल किंवा समलिंगी जोडपी चालतात का?

अर्थातच चालतात, आणि व्यवहार कायम असेल, तर कथा लगेच ओळखूही येते. मलिंडा लो यांच्या २००९ च्या ‘ॲश’ या किशोरांसाठीच्या कादंबरीत सिंड्रेलाचे मन राजपुत्राऐवजी राजाच्या शिकारी पथकाची प्रमुख असलेल्या स्त्रीकडे ओढ घेते. नुसती अदलाबदल करून थांबणाऱ्या कादंबऱ्या मात्र लवकर शिळ्या होतात. पुरुष राखेत निजतो आणि राणी त्याला निवडते, एवढ्याने नवे काही कळत नाही.

परीकथा वापरण्यासाठी कोणाची परवानगी लागते का?

पेरो, बोमाँ, ग्रिम आणि अँडरसन यांच्या कथा स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर आहेत, त्या कोणीही वापराव्यात. सावधगिरी हवी ती नंतरच्या रूपांतरांतील भर उचलताना. हिमगौरीच्या सात बुटक्यांना ग्रिम यांच्या कथेत नावेच नाहीत. पशूच्या वाड्यातली बोलकी किटली आणि घड्याळ, तसेच पाकळ्या गळत शापाची मुदत दाखवणारा गुलाब, हे १९९१ च्या बोलपटातले आहे. बोमाँ यांचा गुलाब हे मुलीने बापाकडे मागितलेले एक साधे फूल आहे. जुन्या कथांची अलीकडची भाषांतरेही स्वतंत्रपणे संरक्षित असू शकतात, त्यामुळे त्यांतील वाक्ये उचलू नयेत.

अशी कादंबरी लिहायची असेल, तर सुरुवात कोठून करावी?

कथेतले जे तुम्हाला खुपते, तेथून. बापाने मुलीला पशूकडे जाऊ दिलेच कसे, हे खुपत असेल, तर कादंबरी बापलेकीच्या नात्यातून उभी राहील. राजपुत्राला चेहरा आठवत नाही हे खुपत असेल, तर नायक अधू नजरेचा, मुखवट्यांच्या समारंभातला किंवा चेहरे ओळखू न शकणारा करता येईल, आणि त्या उत्तरातून त्याचा स्वभाव आपोआप घडत जाईल. नुसत्या खुणांची यादी करून त्या एकेक ठिकाणी पेरत गेल्यास वाचक त्या मोजत बसतो आणि माणसांकडे त्याचे लक्ष राहत नाही.

त्यानंतर व्यवहार एका वाक्यात लिहून पाहावा : कोण, काय, कशाच्या बदल्यात, कोणत्या मुदतीपर्यंत. हे वाक्य जमत नसेल, तर परीकथा अजून हाती लागलेली नाही. पुढचा निर्णय, पात्रांना ती कथा ठाऊक आहे की नाही, याचा. आजच्या जगात घडणाऱ्या कादंबरीतली नायिका सिंड्रेलाचे नाव ऐकलेलेच नसल्यासारखी वागली, तर ते खोटे वाटते. तिने एकदा त्यावरून स्वतःची थट्टा करावी आणि मग कथेने तिला त्याच सापळ्यात अडकवावे, हे अधिक सुरस होते.

तीनचा आकडाही जपावा. परीकथेत तीन रात्री, तीन कामे, तीन भेटी असतात, कारण पहिल्या वेळी घटना घडते, दुसऱ्या वेळी तिची सवय होते आणि तिसऱ्या वेळी ती मोडते. नायकाने दोनदा तोच प्रश्न विचारावा आणि तिसऱ्या वेळी नायिकेने तो त्याला विचारावा, एवढ्या साध्या रचनेतूनही पुष्कळ साधते.

मूळ कथा वाचायच्या असतील, तर कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

बोमाँ यांच्या ब्यूटी अँड द बीस्टपासून सुरुवात करावी. ती एका बैठकीत संपते आणि प्रेमकादंबरीच्या सर्वांत जवळची आहे. नंतर पेरो यांच्या सिंड्रेला, निद्रिस्त राजकन्या आणि ब्लूबीयर्ड या तीन कथा घ्याव्यात. ग्रिम बंधूंच्या बाबतीत शक्य असेल, तर १८१२ ची पहिली आणि १८५७ ची शेवटची आवृत्ती शेजारी ठेवून वाचावी. रॅपन्झेलच्या कथेत पहिल्या आवृत्तीतील नायिका तिला बुरुजात कोंडणाऱ्या बाईला भोळेपणाने विचारते, की माझे कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागले आहेत, आणि त्यावरून तिचे गुपित फुटते. नंतरच्या आवृत्तीत तीच नायिका, राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढून घेणे जड का जाते, असे विचारून बसते. दोन्ही आवृत्त्यांत पुढे तिला जुळी मुले आहेतच. व्हिलनव्ह यांची दीर्घ कथा सर्वांत शेवटी, सवड असेल तेव्हा वाचावी, कारण पशूचा माणूस झाल्यानंतरही ती बराच काळ संपत नाही.